दारापासून फलाटापर्यंत

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या इमारतीतल्या आणि आजूबाजूच्या दोन-चार मुलांची पावले माझ्या घराकडे वळतात. अकरावी-बारावीला पर्यावरणाचा प्रकल्प करावा लागतो, त्याची वही वेळेत द्यायची असते. मी भूगोल शिकवून निवृत्त झालेला, घरात पुस्तकांचा पसारा, तेव्हा मुलांना माझा पत्ता हमखास सुचवला जातो. "काका, वाहतुकीवर करायचाय," असे म्हणत मुलगा वही पुढे करतो. पहिल्या पानावर आगगाडीचे चित्र चिकटवलेले असते आणि त्याखाली ते ठरलेले वाक्य : १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही भारतातील पहिली प्रवासी गाडी धावली. पुढे चौदा डबे, चारशे प्रवासी, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने, एकवीस तोफांची सलामी. सगळे बरोबर असते. कित्येक वर्षे मी ही वही वाचतो आहे. मूल बदलते, वही बदलत नाही.

मी त्यांना एकच प्रश्न विचारतो. गाडी ठाण्याला पोचली, मग पुढे काय झाले? ते चारशे प्रवासी म्हणजे बहुतेक निमंत्रित पाहुणे. त्यांच्यासाठी ठाण्यात तंबू ठोकून खानपानाची व्यवस्था केली होती. पाहुणे आले, जेवले, परत गेले. पण दुसऱ्या दिवशी ठाण्यातला कोणी विणकर, कोणी मीठवाला, कोणी कारकून त्या गाडीत बसला का? त्याच्या घरची बाई कधी बसली? घरापासून स्टेशनपर्यंत तो कसा आला? मुले माझ्याकडे पाहतात. हे पुस्तकात नसते, आणि पुस्तकात नाही ते परीक्षेत नाही.

आपल्याकडे वाहतुकीचा इतिहास बहुतेक रुळांच्या बाजूने लिहिला गेला. कोणता पूल कधी बांधला, कोणता बोगदा किती लांब, कोणती गाडी किती मिनिटांत पोचली. माणसांच्या बाजूने, म्हणजे कोणाला कुठवर जाता आले आणि कोण दारातच राहिले, या अंगाने तो फारसा लिहिलेला नाही. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या तीन गावांच्या बाबतीत तर ही उणीव फारच जाणवते. कारण ही गावे आजच्या रूपात उभी आहेत ती माणसांच्या रोजच्या जाण्यायेण्यावरच.

आता कल्याणचेच बघा. रेल्वे यायच्या आधी अठराशे वर्षे हे गाव बंदर म्हणून जगाला ठाऊक होते. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचे नाव येते. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांचे जे शिलालेख आहेत, त्यांत कल्याणचे रहिवासी आढळतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणचा माणूस साष्टीच्या डोंगरापर्यंत जात होता आणि आपले नाव दगडावर कोरून येत होता. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात याच खाडीवर झाली. तोवर इथला रस्ता म्हणजे पाणी. भरती-ओहोटीच्या वेळा हेच वेळापत्रक.

१ मे १८५४ रोजी गाडी ठाण्याची खाडी ओलांडून, पारसिकच्या डोंगराची सोंड फोडून कल्याणला आली. त्यानंतर दहा-अकरा वर्षांत घाटही पार झाले. १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट. पुण्याकडची वाट आणि नाशिककडची वाट जिथे फुटते ते गाव कल्याण. बंदराचे गाव जंक्शनचे गाव झाले. इतिहासाच्या पुस्तकात याला प्रगती म्हणतात आणि ती होतीच. पण ज्यांचे पोट होडीवर होते, त्यांनी या बदलाकडे कसे पाहिले असेल? मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्याचा खंड १८८२ मध्ये निघाला. जेम्स कॅम्पबेल त्याचे संपादक. त्यात रस्ते आहेत, टोलनाके आहेत, तरी आहेत, धर्मशाळा आहेत, रेल्वेची स्टेशनेही आहेत. आज तो खंड इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो. एखाद्या विद्यार्थ्याने नुसती त्यातली तरींची माहिती काढली आणि त्या जागा आज जाऊन पाहिल्या, तरी एका वर्षाचा प्रकल्प होईल. कुठे आज पूल आहे, कुठे गटार आहे, कुठे बिल्डरचा फलक आहे.

जाता जाता एक आठवण द्यावीशी वाटते. आनंदीबाई जोशी कल्याणच्या. त्यांचा जन्म १८६५ चा, थळघाटातून गाडी सुरू झाली त्याच वर्षीचा. १८८३ मध्ये त्या समुद्र ओलांडून अमेरिकेला गेल्या आणि डॉक्टर झाल्या. पण त्याच काळात कल्याणातल्या त्यांच्या वयाच्या किती मुली एकट्या स्टेशनपर्यंत जाऊ शकत होत्या? रूळ गावात आले म्हणून गावातले सगळे हलले असे होत नाही. ज्यांना घराबाहेर पडायची मुभा, त्यांचीच गाडी.

विसाव्या शतकात वीज आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली. पुढच्या काही वर्षांत तारा कल्याणला आणि १९३० पर्यंत पुणे व इगतपुरीपर्यंत पोचल्या. ठाकुर्लीचे चोळे वीजघर त्याच कामासाठी उभे राहिले. विजेच्या गाडीने अंतर कमी केले असे आपण म्हणतो. खरे म्हणजे अंतर तेवढेच राहिले, घर लांब नेणे परवडू लागले. गिरगाव-दादरच्या दोन खोल्यांत मावेनासे झालेले मराठी कुटुंब डोंबिवलीला आले ते या हिशेबावर. तिकडची पागडी आणि इकडचा स्वतःचा ब्लॉक. मधला फरक रोज दोन-अडीच तासांनी भरून काढायचा, आणि तोही आयुष्यभर, हप्त्याहप्त्याने. कर्जाचे हप्ते बँक मोजते, हे हप्ते कोणी मोजले नाहीत.

माणसे येण्याची दुसरीही तऱ्हा या भागाने पाहिली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा मिळाली आणि १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. ते स्थलांतर एकदाच झाले. डोंबिवलीकराचे रोज होते, सकाळी तिकडे आणि रात्री इकडे.

या रोजच्या जाण्यायेण्यात एक समाज तयार झाला, हे मान्य करायला हवे. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेली खिडकी. टाळ वाजवत जाणारी भजनी मंडळे, दसऱ्याला डब्याला लावलेली झेंडूची तोरणे, बायकांच्या डब्यातले हळदीकुंकू आणि भाजी निवडणे. तीन जणांच्या बाकावर चौथ्याने टेकायचे, त्याला चौथी सीट म्हणतात. ती मागायची पद्धत, द्यायची पद्धत, आणि न देणाऱ्याकडे बघायची पद्धतसुद्धा ठरलेली. डोंबिवलीला जागा मिळत नाही म्हणून आधी कल्याणला उलटे जायचे आणि तिथून बसून यायचे, हीही एक विद्याच. १९९२ च्या मे महिन्यात पश्चिम रेल्वेवर पहिली महिला विशेष गाडी धावली आणि जुलैत मध्य रेल्वेवर कल्याणची. ती सुरू झाली तेव्हा आमच्या वाडीतल्या एका बाईंनी नोकरी सोडायचा विचार बदलला होता, हे मला पक्के आठवते. गाडीच्या एका फेरीने एका घराचे उत्पन्न टिकले. असे किती घरांत झाले असेल? कोणी तरी विचारायला हवे होते. त्या पिढीतल्या बायका आज सत्तरीच्या पुढे आहेत. अजून विचारता येईल.

पण वाहतूक म्हणजे लोकल, हे आपले समीकरणच मुळात अपुरे आहे. मुंबई महानगर प्रदेशासाठी या शतकाच्या पहिल्या दशकात वाहतुकीचा जो सर्वंकष अभ्यास झाला, त्यात दिसले की लोकांच्या रोजच्या फेऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पायीच होतात. निम्म्याहून अधिक! शाळेत जाणारे मूल, बाजारात जाणारी गृहिणी, घरकाम करणारी बाई, दवाखान्यात जाणारा म्हातारा. यांच्यासाठी कुठल्या गावात किती पदपथ धड आहेत? डोंबिवलीत राहणाऱ्याने हा प्रश्न विचारला तर लोक हसतात. महापालिकेची बससेवा कल्याण-डोंबिवलीत १९९९ मध्ये सुरू झाली, ठाण्यात त्याच्या दहा वर्षे आधी, १९८९ मध्ये. आमच्याकडचा खरा सार्वजनिक वाहनव्यवहार मात्र शेअर रिक्षाने चालवला. मागे तीन, आणि पोलीस नसला तर चालकाशेजारी चौथा. त्या रिक्षांचे मार्ग कोणी आखले? कुठल्या कार्यालयाने नव्हे. माणसे जिथे राहायला गेली तिकडे रिक्षा गेल्या. रिक्षांच्या थांब्यांचा नुसता नकाशा काढला, तर गाव कुठल्या वर्षी कुठे वाढले ते कळेल.

दुसरी गोष्ट पुलांची. आपली गावे रुळांनी उभी चिरलेली आहेत, पूर्व आणि पश्चिम. कल्याणच्या शंभरी ओलांडलेल्या पत्रीपुलाचा जुना सांगाडा नोव्हेंबर २०१८ मध्ये उतरवला आणि नवा पूल खुला झाला जानेवारी २०२१ मध्ये. मधली दोन वर्षे कल्याण-शीळ रस्त्याच्या लोकांनी कशी काढली, हे त्यांनाच विचारा. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. त्यानंतर घाईने तीन पादचारी पूल बांधायला सैन्याला बोलावले. त्यांतला एक आपल्या कल्याण तालुक्यातल्या आंबिवलीचा. सीमेवरच्या जवानांनी आंबिवलीकरांना रूळ ओलांडून द्यावेत, यात त्यांचे कौतुक आहेच. पण ती वेळ यावी, हे काही आपल्या नियोजनाचे कौतुक नव्हे.

रूळ ओलांडणाऱ्याला आपण बेशिस्त म्हणतो. कायदाही तसेच म्हणतो. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ मध्ये सांगितले की देशात वर्षाला सुमारे १५ हजार माणसे अशी रुळांवर मरतात आणि त्यांतली सुमारे ६ हजार एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. समितीने त्याला कत्तल हा शब्द वापरला. सहा हजार माणसे दरवर्षी बेशिस्त असतात, की त्यांच्या घराच्या आणि फलाटाच्या मध्ये रूळ येतात? हे घरात बसून ठरणार नाही. पूल कुठे आहे, किती पायऱ्या आहेत, ओझे घेतलेल्या बाईला तो चढायला किती वेळ लागतो, आणि रूळ ओलांडायला किती, हे घड्याळ लावून मोजावे लागेल. बारावीच्या मुलाला हे जमते. खर्च शून्य. पाहणी मात्र पुलावर उभे राहूनच करायची, रुळांत उतरून नाही, हे मी दर वर्षी बजावतो.

आता दिव्याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण या सगळ्या गोष्टी तिथे एकत्र येतात. दिवा हे जंक्शन. इथून एक वाट वसईला आणि एक पनवेलला जाते. नकाशावर पाहिले तर केवढे महत्त्वाचे ठिकाण! पण जंक्शन गाड्यांचे होते, माणसांचे नव्हते. आजूबाजूला आगरी-कोळ्यांची गावे, भातशेती, खाडी. मग ठाणे-डोंबिवलीत घर न परवडणारी माणसे दिव्यात आली. जे गिरगावातून डोंबिवलीला आले तेच पुन्हा घडले, फक्त खालच्या पायरीवर. वस्ती वाढत गेली आणि जलद गाड्या न थांबता, धूळ उडवत निघून जात राहिल्या. २ जानेवारी २०१५ रोजी सकाळी गाड्या रखडल्या आणि दिव्याच्या प्रवाशांचा संयम सुटला. दगडफेक झाली, गाड्या फुटल्या, दिवसभर मध्य रेल्वे कोलमडली. दगडफेकीचे समर्थन कोणी करणार नाही, मीही करत नाही. पण डिसेंबर २०१६ पासून दिव्याला जलद गाड्या थांबू लागल्या, हेही त्याच इतिहासाचे पुढचे पान आहे.

ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका २००८ मध्ये मंजूर झाली होती. ती पूर्ण होऊन फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. चौदा वर्षे. मंजुरीच्या वर्षी जन्मलेले मूल आठवीत गेले. आणि तरीही ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यान वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून गेल्या, दोन्हीकडे माणसे दारात लटकलेली, आणि ती एकमेकांना घासून खाली पडली. त्या दिवशी चौघांचा जीव गेला. कामाला निघालेली माणसे होती.

त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याची घोषणा झाली. दरवाजे बंद झाले तर माणूस पडणार नाही, हे उघड आहे. पण जो आत मावला नाही तो फलाटावर राहील. पुढच्या गाडीतही तो मावला नाही तर? तो कामावर किती वाजता पोचेल, किती दिवसांचे खाडे होतील, आणि खाड्याचे पैसे कापले जाणारा असेल तर महिन्याला किती? रुळांच्या बाजूने पाहिले की दरवाजा हे उत्तर दिसते. फलाटाच्या बाजूने पाहिले की तिथूनच नवा हिशेब सुरू होतो. हा हिशेब कोणी तरी गाडी सुरू व्हायच्या आधी मांडायला हवा. दिव्यात राहणारी, तिथल्याच फलाटावरून कॉलेजला जाणारी मुले सोडून तो कोण मांडणार?

साधने नाहीत असे नाही. २०११ च्या जनगणनेत कामावर जाणाऱ्यांना अंतर आणि वाहन विचारले होते, त्याचे जिल्हावार तक्ते प्रसिद्ध झाले आहेत. नोव्हेंबर २००४ मध्ये ठाणे-वाशी गाडी सुरू झाल्यावर कुर्ल्याचा वळसा वाचला आणि नव्या मुंबईतल्या नोकऱ्या आवाक्यात आल्या. तेव्हा कामाला लागलेली माणसे आजही त्याच गाडीने जातात, त्यांना विचारता येते. जुने पास, जुनी वेळापत्रके घराघरांत कपाटाच्या तळाशी पडलेली आहेत. आणि सगळ्यात मोठे साधन घरातच बसलेले असते, टीव्हीसमोर.

तीन-चार वर्षांपूर्वी दिव्याकडची एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिचीही वही तशीच, पहिल्या पानावर साहिब, सिंध, सुलतान. मी म्हटले, "वही मिट. घरी आजी आहे का?" होती. आगरी घर, ऐंशीच्या घरातली आजी. तरुणपणी ती शेतावरची भाजी पाटीत घेऊन पहाटेच्या गाडीने ठाण्याला बाजारात नेत असे. मुलीने आजीला विचारले, तू गाडीने का जायचीस, आणि कशी. तिला वाटले होते दोन ओळी मिळतील. आजी तीन संध्याकाळी बोलली. बांधावरून स्टेशनपर्यंत किती चालायचे, पावसाळ्यात पाटी कशी धरायची, लगेजच्या डब्यात कोणत्या गावच्या बायका कुठे बसायच्या, तिकीट तपासनीसाला कोणती भाजी आवडायची. एक वाक्य मुलीने जसेच्या तसे लिहून आणले होते. सकाळी उशिराच्या गाडीने का जात नव्हतीस, या प्रश्नावर आजी म्हणाली होती, "ती आमची गारी नव्हती बाय, ती हापिसवाल्यांची."

मी नोकरीत असताना वाहतुकीच्या भूगोलावर तासन् तास बोललो आहे. गाडी एकच असली तरी ती सगळ्यांची नसते, हे मला इतक्या थोडक्यात कधी सांगता आले नाही.

मुलीने मग घरापासून फलाटापर्यंतचा आजीच्या काळचा नकाशा काढला आणि शेजारी स्वतःचा, आजचा. आजीचा रस्ता सरळ होता, लांब पण सरळ. नातीच्या रस्त्याला सात वळणे होती, दोन गल्ल्या, एक उघडा नाला आणि शेवटी पुलाच्या पायऱ्या. अंतर निम्म्याने कमी, वेळ जवळजवळ तेवढाच. वही तपासून आली तेव्हा त्या पानावर लाल शाईने शेरा होता : "विषय सोडून. पहिल्या रेल्वेची माहिती अपुरी."

मुलगी हिरमुसली होती. मी तिला विचारले, आजीला नकाशा दाखवलास का? म्हणाली, दाखवला. आजीला वाचता येत नाही, पण तिने बोट ठेवून रस्ता ओळखला आणि एक चूक काढली. वाटेत एक आंब्याचे झाड होते, तिथे पाट्या उतरवून बायका दम खायच्या. ते झाड नकाशात राहिले होते. मुलीने ते पेन्सिलीने काढून दिले. आजी म्हणाली, जरा अलीकडे घे.